हे दुखणं वयाचं नाही

"आये, आता पुरे झालं. जागा निशिगंधाला देऊन टाक."

अजिंक्यने हे बुटाची नाडी बांधता बांधता म्हटलं. मान खाली होती, म्हणून त्याला बोलता आलं. जयगडच्या बंदरात तो क्रेन चालवायचा आणि कंपनीची बस साडेसहाला नाक्यावर यायची. आईशी वाद घालायला त्याच्याकडे रोज जेमतेम दहा मिनिटं असत, आणि तो ती पुरवून वापरायचा.

गोदूबाई खाटेच्या कडेला बसली होती. उठायचं होतं, पण उठता येत नव्हतं. मांड्या कुणी धोपटण्याने बडवल्यासारख्या दुखत होत्या. दुखण्याचं तिला एवढं नव्हतं. पाय जोरच धरत नव्हते, हे वाईट होतं.

"पुरे कधी ते मी ठरवीन," ती म्हणाली.

"चौसष्ट वर्षं झाली तुला."

"ती मला ठाऊक हायत. तू नव्हतास तेव्हापासून मी ती जगत्येय."

"वय झालं, आये. क्लिनिकमधल्या डॉक्टरनं पण तेच सांगितलं."

"ऐक अजिंक्य. वय आठ दिवसांत येत नाय. तुझ्या आजीचं वय मी बघितलंय. जिना चढावा तसं आलं, एकेक पायरी. आधी गुडघे, मग कंबर, मग नजर. माझ्या गुडघ्याला काय झालेलं नाय. हे सगळं मांसात हाय, आणि दोन्ही पायांत एकदम आलं. तुळशीच्या लग्नाच्या सकाळी मी मासळीची पाटी घेऊन धक्क्यावरून आले. संध्याकाळी पाटावरून उठताना दीपालीनं हात दिला. हे दुखणं वयाचं नाय."

तिची सून दीपाली चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिने होकारार्थी मान हलवली. अजिंक्यला ते दिसलं.

"मग ती कोलेस्टेरॉलची गोळी असणार," तो म्हणाला. "मी मोबाइलवर वाचलं. त्या गोळीनं अंग दुखतं. बंद कर ती."

"शिमगा झाल्यावर सुरू केली ना ती? साडेसात महिने झाले. साडेसात महिने गप बसलेली गोळी आताच कशी उठेल?"

"मग काय हाय?"

गोदूबाईने मांडी दाबून पाहिली. नेमकी त्याच वेळी बस आली असावी, कारण अजिंक्य धावतच निघाला. दारातून त्याने शेवटचं सांगितलं, "शनिवारी पंधरा दिवस भरतात. तमाशा करू नकोस."

हे पंधरा दिवसांचं प्रकरण बाजारात राहिलेल्यांनाच कळेल. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर शेडखाली मासळी विकणाऱ्या बायकांच्या जागा ठरलेल्या होत्या. गोदूबाईची जागा खांबाजवळची, वाऱ्याच्या बाजूची. तिच्या आधी तिथे तिची सासू बसायची. ज्या जागेवर सलग पंधरा दिवस पाटी लागली नाही, ती जागा पुढच्या बाईची, असा बायकांचाच नियम होता. बाळंतपण आणि सुतक यांना सूट होती, आजारपणाला नव्हती. आजारपण धरायला लागलं तर निम्मा बाजार घरात बसेल, असं जुन्या बायका म्हणायच्या, आणि त्यात तथ्य होतं. गोदूबाईने स्वतः हा नियम दोघींना लावला होता. आज तिचा पाचवा दिवस होता, आणि रांगेत पुढची होती निशिगंधा.

तिने चहा घेतला. खाटेखालचा बटवा काढला आणि कमरेला खोचला.

"रिक्षा बोलाव गो," तिने दीपालीला सांगितलं. "मेडिकलात जायचंय. जोरातली गोळी घेतली की मी उद्या बाजारात."

*

नाक्यावरच्या मेडिकलात योगिनी होती. तिशीतली, बारीक अंगाची, हळू बोलणारी. औषधशास्त्राची पदवी घेऊन ती मुंबईला न जाता इथेच राहिली होती, याचं गोदूबाईला कौतुकही वाटे आणि थोडी शंकाही येई.

गोदूबाई दोन्ही हात काउंटरवर टेकून उभी राहिली. "बाय, मी कोलेस्टेरॉलची गोळी घेते. तिच्याबरोबर चालेल अशी दुखण्याची गोळी दे. असलेल्यातली सगळ्यात जोरकस."

"कोलेस्टेरॉलची कोणती?"

दीपालीने पाकीट पुढे केलं. ॲटोरवास्टॅटिन, चाळीस. योगिनीने ते वाचलं.

"चालेल अशी आहे, मावशी. साधी पॅरासिटामॉल. मापात घेतली तर त्या गोळीशी तिचं काही वैर नाही. पण आधी हे सांगा, आत्तापर्यंत दुखण्यावर काय काय घेतलंत?"

"घेतल्यायत दोनचार."

"दाखवा ना. असतील तर."

गोदूबाईने बटवा काउंटरवर उपडा केला. सुपारीचे दोन तुकडे, अडकित्ता, रुमालात बांधलेली किल्ली आणि गोळ्यांच्या पट्ट्यांचे कापलेले तुकडे बाहेर आले. एकावरही नाव नव्हतं. कुठे अर्धी तारीख उरली होती, कुठे नुसती चंदेरी पाठ.

बाजारात गोळ्या अशाच फिरायच्या. तंबाखू, चुना आणि गोळी मागितली तर नाही म्हणायचं नाही, ही तिथली रीत होती. जिची पट्टी असेल ती अडकित्त्याने किंवा कात्रीने दोन गोळ्या कापून देई. नाव छापलेली बाजू मालकिणीकडे राही, कारण तिला ती दाखवून पुढची पट्टी आणायची असे. घेणारीला रंगावरून ओळख पटायची. पांढरी तापाची, नारिंगी दुखण्याची, पिवळी सर्दीची. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. निदान अडलं तेव्हा ते यामुळे अडलं, असं कुणाला वाटलं नव्हतं.

योगिनीने आतल्या कपाटातून चारपाच पट्ट्या आणल्या आणि एकेक तुकडा ताडून पाहिला.

"पांढऱ्या दिवसाला किती?"

"चार."

"नारिंगी?"

"तीन. सकाळ, दुपार, रात्र."

"आणि पिवळी?"

"ती झोपताना एक. तिनं झोप लागते."

योगिनीने पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. गोदूबाईला वाचता येत होतं. एकाखाली एक तीन ओळी आणि खाली बेरीज.

"या तीन वेगळ्या गोळ्या नाहीत, मावशी. तिन्हींत पॅरासिटामॉलच आहे. सगळं मिळून दिवसाला चार ग्रॅमच्या वर जातंय. तुमच्या अंगाला ते फार झालं, यकृताला झेपत नाही. आणि नारिंगीत आणखी एक औषध आहे, डायक्लोफिनॅक. तुम्हाला मागे छातीत दुखलं होतं ना? मग ते तर विचारल्याशिवाय घ्यायचंच नाही. हृदयाला नको आणि मूत्रपिंडालाही नको."

"ओ मावशी," मागून एक जण कावला, "दुकान काय तुमच्या एकटीचं हाय? मला नुसता बाम पायजे."

"मग घे आणि कपाळाला चोळ, मेल्या," गोदूबाई मागे न बघता म्हणाली. "इथं माझं यकृत चाललंय."

बामवाल्याला बाम मिळाला. तो गेल्यावर योगिनीने शेवटच्या तुकड्याकडे हात नेला. त्यात निळ्या टोपीची एकच कॅप्सूल होती. गोदूबाईने झटकन तिच्यावर पंजा ठेवला.

"ते औषध नाय."

"मग काय आहे?"

"ती पोटातली नाय. कातडीची."

"तोंडावाटे घेता?"

"मग काय कानात घालू?"

योगिनी हसली नाही. तिने हात पुढे तसाच ठेवला. गोदूबाईने पंजा उचलला. दीपालीकडे मात्र तिने पाहिलं नाही.

योगिनीने कॅप्सूल कागदावर उघडली. आतून पूड निघाली नाही. साबुदाण्याहून बारीक, पांढुरके मणी निघाले आणि कागदावर गडगडले. तिने कपाटातली एक पट्टी फोडली, तीही उघडली. तसेच मणी.

"नायटा आहे का, मावशी?" तिने अगदी हळू विचारलं.

गोदूबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कमरेला, काष्ट्याच्या गाठीखाली, दिवाळीच्या आधीपासून गोल चट्टे उठले होते. बर्फाचं पाणी, खारट घाम आणि दिवसभर ओलं राहणारं लुगडं यांनी कुणालाही उठतील. पण ते बोलायचं कुणाशी? दवाखान्यात अजिंक्य शेजारी बसायचा. शेजारच्या जागेवरच्या यमुनाबाईने तिला खाजवताना पाहिलं आणि स्वतःच्या पट्टीतल्या पाच कापून दिल्या. तिला त्या शहरातल्या कातडीच्या डॉक्टरने दिल्या होत्या. पाच संपल्यावर आणखी पाच. मग आणखी. खाज गेली होती, यमुनाबाईला तिने मनातून दुवा दिला होता.

"हाय," ती म्हणाली. आणि एकदा बोलल्यावर आवाज चढवून म्हणाली, "हाय! नायटा हाय. चोरी नाय केलेली."

"अजिबात नाही," योगिनी म्हणाली. "कधीपासून घेताय ही?"

"भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. रोज एक."

योगिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. गोदूबाईनेही पाहिलं. भाऊबीजेच्या पुढचा चौकोन, आणि तिथून तुळशीच्या लग्नापर्यंतचे चौकोन. तिने ओठ हलवत ते मोजले. नऊ.

गोदूबाईने कॅलेंडरवरून नजर काढून उघडलेल्या कॅप्सूलकडे पाहिलं.

"नवी गोष्ट हीच ना?" गोदूबाई म्हणाली. "मी रोज डोकं खाजवत होते, की नवं काय झालं, नवं काय झालं. हिला मी मोजलंच नाय. मला वाटलं ही कातडीपुरती."

"ही कातडीपर्यंत रक्तातूनच जाते, मावशी. तुमची कोलेस्टेरॉलची गोळी यकृतात मोडली जाते आणि बाहेर पडते. मोडण्याचं ते काम ही कॅप्सूल अडवून धरते. तुम्ही रोज नवी गोळी घेताय आणि जुनी जातच नाहीये."

"म्हणजे बोटीवर बोटी धक्क्याला लागतायत आणि माल उतरवायला माणूस नाय."

"तसंच. मग ती रक्तात साठते आणि स्नायूंना खायला लागते." योगिनी थांबली. "लघवीचा रंग कसा आहे?"

"उन्हाळी लागलीय, त्यानं जरा..."

"कालपासून काळ्या चहासारखा हाय," दीपाली म्हणाली. सकाळपासूनचं हे तिचं पहिलंच पूर्ण वाक्य होतं. "मी मोरीत बघितलं. आईंना सांगणारच होते."

योगिनीने काउंटरवरचे सगळे तुकडे, उघडलेली कॅप्सूल आणि बेरजेचा कागद एका पाकिटात घातला आणि दीपालीच्या हातात दिला.

"हे जसंच्या तसं डॉक्टरांना द्या. आत्ता, इथूनच हॉस्पिटलला जा. घरी जायचं नाही."

"आणि माझी गोळी?" गोदूबाई म्हणाली.

"मी आज तुम्हाला एकही गोळी विकणार नाही."

"अगो, पण मला उद्या बाजारात जायचंय! जागा जाईल माझी!"

"दुखणं दाबलंत तर आतलं थांबत नाही, फक्त कळायचं थांबतं. तुम्ही ओरडा माझ्यावर, मावशी. तक्रार करा. गोळी नाही देणार."

गोदूबाईने तिच्याकडे डोळे रोखून पाहिलं. बाजारात या नजरेने दांडगे व्यापारी भाव उतरवत. ही बारीक पोरगी जागची हलली नाही. गोदूबाईला राग आला आणि त्या रागातच तिला पोरगी आवडली.

"चल गो," ती दीपालीला म्हणाली. "ही ऐकणारी नाय."

*

रक्तात सीके नावाचा एक आकडा असतो. स्नायू फाटले की तो चढतो. तो दोनशेच्या आसपास असायला हवा. गोदूबाईचा साडेअकरा हजार निघाला. मूत्रपिंडावरही ताण दिसत होता. हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मृणाली यांनी सलाइन लावायला सांगितलं आणि सगळ्या गोळ्या बंद केल्या, कोलेस्टेरॉलचीसुद्धा.

"आणखी चार दिवस उशीर झाला असता तर डायलिसिसची वेळ आली असती, आजी," त्या म्हणाल्या. "ही कॅप्सूल तुम्हाला कुणी दिली?"

"ते मी सांगणार नाय."

"मला नोंद करायची आहे."

"माझं नाव लिहा. देणारीनं मायेनं दिली, घेणारीनं न विचारता घेतली."

"पण क्लिनिकमध्ये तुम्ही ही सांगायला हवी होती. त्यांनी विचारलं असेलच, कोणती औषधं चालू आहेत म्हणून."

"विचारलं. लेक खुर्चीला खुर्ची लावून बसलेला. खाज हाय का, असं कोण विचारतं? बाईमाणसाला विचारायचं तर लेकाला आधी बाहेर काढा. आणि औषध कुठलं असं विचारू नका, पिशवी रिकामी करा म्हणा. मेडिकलातल्या पोरीला कळलं, ते तुम्हां मोठ्या डॉक्टरांना का कळू नये?"

नर्स खिडकीकडे तोंड करून हसली. डॉक्टर मृणालींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी अजिंक्य थेट जयगडहून आला. गणवेशावर ग्रीसचे डाग तसेच होते. त्याने आईचा सलाइन नसलेला हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"चुकलो मी, आये. वय म्हणालो."

"म्हणालास खरा."

"ती कोलेस्टेरॉलची गोळी मात्र आता जन्मात द्यायची नाय तुला."

"द्यायची," गोदूबाई म्हणाली. "बाईंना विचारलंय मी. मांस भरून आलं, आकडा खाली आला, की थोडी थोडी, रक्त तपासत. छातीला ती लागतेच. भांडण त्या दोघींचं होतं, त्यात एकटीला कशाला फासावर द्यायची?"

हॉस्पिटलातल्या पाचव्या दिवशी आकडा दीड हजारावर आला. लघवी स्वच्छ झाली. गोदूबाई भिंत धरून मोरीपर्यंत चालली आणि भिंत न धरता परत आली. दोन दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, "चार आठवडे ओझं उचलायचं नाही. जास्त चालायचं नाही. पाणी भरपूर. दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल, अर्ध्या ग्रॅमची, दिवसाला चारच्या वर नाही, आणि बाकी काहीही घ्यायचं तर मला फोन."

अजिंक्य पटकन म्हणाला, "ऐकलंस? चार आठवडे. म्हणजे बाजार संपला."

"बाई," गोदूबाईने विचारलं, "ओझं नको, ते समजलं. बसायला?"

"बसायला हरकत नाही. मधून मधून पाय सरळ करा."

"आणि ओरडायला?"

"ओरडायला?" डॉक्टर म्हणाल्या. "त्याला पायाचे स्नायू लागत नाहीत."

*

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बाराव्या दिवशी, यमुनाबाई आली. हातात शहाळी होती. ती खाटेवर न बसता जमिनीवर बसली, तेव्हाच गोदूबाईला कळलं, की हिला सगळं समजलंय.

"गोदू, मी विष घातलं गो तुला."

"गप. तुला काय ठाऊक होतं?"

"तू डॉक्टरणीला माझं नाव नाय सांगितलंस."

"तुझं नाव सांगून माझा आकडा उतरणार होता? पण तू उद्याच्या उद्या तिथं जा. प्रेशरची गोळी घेतेस ना तू? ती आणि ही कॅप्सूल, दोन्ही दाखव. आणि सुनेला बरोबर घेऊन जा, लेकाला नको."

यमुनाबाईने नाक पदराला पुसलं. मग ती मुद्द्यावर आली. बाजारात ती वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून दिवस मोजायचे ते तिनेच. आणि खांबाजवळच्या जागेसाठी रांगेत पुढची बाई होती तिची स्वतःची सून, निशिगंधा. तीन वर्षं ती शेडच्या बाहेर, उन्हात, बिनजागेची विकत होती.

"मी बायकांशी बोलते," यमुनाबाई म्हणाली. "सांगते, की या खेपेला महिना थांबूया. माझ्या शब्दाला कोण नाय म्हणणार? माझ्यामुळंच झालं हे."

गोदूबाईने शहाळं बाजूला ठेवलं.

"नाय."

"अगो, पण..."

"मेहेरबानी नको, यमुने. दोन वर्षांमागं आमच्याच वाडीतली एक बाई पाय मोडून घरात पडली, तेव्हा सोळाव्या दिवशी तिच्या जागेवर दुसरी बसवली ती मी आणि तू. ती रडत होती. आता मला महिना मिळाला, तर तिला मी तोंड कुठल्या बाजूनं दाखवू? आणि तुझी सून? तिला काय सांगशील? सासूचं मन खात होतं म्हणून तू उन्हात बस?"

"मग जागा सोडतेस?"

"सोडतंय कोण? शनिवार अजून यायचाय. पाटी लागली पायजे, एवढाच नियम हाय ना? पाटी कुणाच्या डोक्यावरून आली ते नियमात नाय."

यमुनाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग डोळे पुसता पुसता ती खुदकन हसली. "मेली मरणाच्या दारातून आली, तरी अक्कल शिल्लक हाय."

अजिंक्यने मात्र साफ सांगितलं. "मी तुला नेणार नाय आणि रिक्षा पण बोलावणार नाय. परत पडलीस तर मला सोसायचं नाय, आये." तो रागाने बोलत नव्हता, हे गोदूबाईला समजत होतं. सहा दिवस त्याने सलाइनचे थेंब मोजले होते.

"तू नको नेऊस," ती सौम्यपणे म्हणाली. "तू घाबरलायस. घाबरलेल्या माणसानं घरी राहावं. पण माझ्या पायांत ताकद नव्हती तेव्हा तुम्ही सगळे मला बसवायला निघालात, आणि आता ती परत येत्येय तरी बसवताय. आधी वयाच्या नावानं, आता काळजीच्या नावानं. बसायचं असेल तर मी माझ्या जागेवर बसेन."

*

शनिवारी पहाटे दीपालीने रिक्षा बोलावली. ती मूळची साखरप्याकडची, घाटाच्या पायथ्याची. लग्न होऊन सहा वर्षं झाली, तरी मासळीच्या पाटीला तिने कधी डोकं दिलं नव्हतं आणि गोदूबाईने कधी सांगितलंही नव्हतं.

लिलाव सुरू झाला होता. बोटीवरून उतरलेल्या मासळीच्या राशी धक्क्यावर लागल्या होत्या आणि त्यांच्याभोवती बायकांची कोंडाळी जमली होती. गोदूबाई दीपालीच्या खांद्यावर हात ठेवून, वीस पावलं चालून एकदा थांबत, बांगड्याच्या राशीपाशी आली. कोंडाळं थोडं उघडलं आणि तिला पुढे घेतलं. कुणीतरी उलटी बादली सरकवली. ती तिच्यावर बसली, पाय सरळ केले आणि राशीकडे पाहिलं. माल चांगला होता. डोळे काचेसारखे, पाठीवरचे पट्टे अजून निळे.

समोर निशिगंधा उभी होती. तिला हीच रास हवी होती.

बोटीच्या तांडेलाने बोली पुकारली. निशिगंधाने चढवली. गोदूबाईने तिच्यावर चढवली. दुसऱ्या बायका हळूहळू गळाल्या आणि दोघीच उरल्या. निशिगंधाने एकदा सासूकडे पाहिलं. यमुनाबाई समुद्राकडे बघत होती.

"मावशी, तुम्ही आजारी हाव," निशिगंधा म्हणाली. "कशाला उगाच?"

"बोली बोल गो. माझी तब्येत लिलावात नाय."

निशिगंधाने आणखी चढवली. गोदूबाईने तिचं वाक्य संपायच्या आत, सगळा धक्का ऐकेल अशा आवाजात, शेवटची बोली टाकली. तो आवाज तिने कुणाकडून उसना घेतला नव्हता, आणि तो कुठल्या गोळीने खाल्लाही नव्हता. तांडेल निशिगंधाकडे वळला. तिने थोडा वेळ राशीकडे पाहिलं, मग मान हलवली.

"घ्या, मावशी. पण पुढच्या खेपेला सोडणार नाय हां."

"सोडू नको. सोडलंस तर मला राग येईल."

पाटी भरली. गोदूबाईने दीपालीकडे पाहिलं. दीपालीने ओढणी काढून तिची चुंबळ केली, ती डोक्यावर ठेवली आणि खाली वाकली. दोन बायकांनी पाटी उचलून दिली. थंडगार, खारट पाणी तिच्या कानामागून पाठीत उतरलं. तिने श्वास रोखला, डोळे मिटले, उघडले आणि निघाली. मागून गोदूबाई एकेक पाऊल टाकत होती.

खांबाजवळची जागा धुऊन ठेवलेली होती. पाटी लागली. यमुनाबाईने मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पंधरावा दिवस. पाटी लागली." आणि आपल्या मासळीवर बर्फ टाकायला लागली.

सात वाजता पहिलं गिऱ्हाईक आलं. शहरातली एक बाई, कापडी पिशवी घेऊन. तिने बांगडा दाबून पाहिला आणि गोदूबाईकडे निरखून पाहिलं.

"बरेच दिवस दिसला नाहीत, मावशी. आता होत नसेल ना या वयात?"

"वयाला काय झालंय?" गोदूबाई म्हणाली. "दोन औषधं एकमेकांत भांडली, ती सोडवून आले. बांगडा घेतेस की नुसती दाबतेस?"